व्याह्यांच्या दारातली कॅरॅव्हॅन

पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेल्या सुनीलरावांनी जुनी कॅरॅव्हॅन विकत घेतली, ती भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचं म्हणून. निदान सावेडीतल्या शेजाऱ्यांना त्यांनी तसं सांगितलं होतं. खरं कारण शेवगावच्या पलीकडे, व्याह्यांच्या गावात होतं.

मुलगी अश्विनी तिथं दिल्याला तीन वर्षं झाली. जावई तिनंच पसंत केलेला. या तीन वर्षांत सुनीलरावांनी व्याह्यांकडे घोटभर पाणी घेतलं नव्हतं. लेकीच्या घरी खायचं नाही, प्यायचं नाही, मुक्काम करायचा नाही, ही आमच्या घराण्याची रीत आहे, असं ते हात जोडून सांगत. त्यांच्या घराण्यात ही रीत कुणी ऐकलेली नव्हती. त्यांचे वडील तर लेकीकडे गेले की आठ-आठ दिवस हलत नसत. पण पत्र्याचं घर, दारात म्हशी, न्हाणीला दाराऐवजी पोत्याचा पडदा, हे बघून सुनीलरावांना जी किळस आली, तिला रीत म्हटलं की ती जरा सभ्य वाटे. त्यांच्या पत्नी माधुरीताईंनी मात्र पहिल्याच दिवशी, "माझ्या माहेरी नाही असलं काही," म्हणून पिठलं-भाकरी खाल्ली होती.

आता नातीचं, दिशाचं जावळ होतं. दोन दिवसांचा मुक्काम टळणारा नव्हता. कॅरॅव्हॅनमध्ये पलंग होता, ओटा होता, नळ, फ्रिज, संडास सगळं होतं. व्याह्यांच्या अंगणात राहायचं आणि व्याह्यांचं काहीच घ्यायचं नाही, हे फक्त तिच्यामुळे जमणार होतं.

शेवगाव ओलांडलं आणि जळका वास आला. गाडीमागे जोडलेल्या कॅरॅव्हॅनचं डावं चाक इतकं तापलं होतं की जवळ हात नेववत नव्हता. फोन केल्यावर व्याही आसाराम ट्रॅक्टर घेऊन आले. त्यांनी चाकाच्या मध्यावर पाण्याचे चार थेंब टाकले. ते चर्र करून उडाले.

"बेरिंग गेलं. गिरीस कवा भरलं हुतं?"

"विकणाऱ्यानं सर्व्हिसिंग केलंय म्हणाला."

"उसाच्या ट्रॉलीला बी आमी दर चार फेऱ्यांला भरतो," आसाराम म्हणाले आणि मग पाव्हण्याला लागेल असं बोललो की काय म्हणून ट्रॅक्टरकडे वळले. सुनीलरावांनी तीस वर्षं कालव्यांच्या दारांना वंगण दिल्याच्या दाखल्यांवर सह्या केल्या होत्या. त्यांनी ट्रॅक्टरची मदत ही रस्त्यावर घेतलेली, म्हणजे घरची नव्हे, असा मनाशी निकाल दिला.

गावात शिरताना माणसाच्या चालीनं चाललेली ती पांढरी डबी बघायला लोक थांबत होते. एक म्हातारा तर शेळीच घेऊन आला.

"डाक्टर आत हाईत का? हिला दोन दिस झाले हगवन लागली."

"व्याही हाईत आमचे," आसाराम म्हणाले.

"असूं द्या की. बघत्याल ना?"

संध्याकाळपर्यंत पाण्याचा पंप नुसता घरघरला, नळाला थेंब आला नाही. फ्रिजमधलं दही आंबून झाकण वर आलं. छपराची खिडकी उघडली ती मिटेना, आणि शेजारच्या लिंबावरचे बगळे त्या भोकातून थेट सुनीलरावांच्या उशीवर मोकळे झाले. माधुरीताई केव्हाच आत लेकीजवळ निजायला गेल्या होत्या.

सकाळी सहाला संडासाची खालची झडप उघडेना. सुनीलरावांनी तिच्याशी पंधरा मिनिटं झटापट केली. त्याहून जास्त वेळ त्यांच्यापाशी नव्हता. रिकामा मग घेऊन ते अंगणात उभे राहिले आणि कुठेतरी निघाल्यासारखा चेहरा करू लागले. विहीणबाई छबूबाई शेण भरत होत्या. त्यांनी एकदाच बघितलं आणि पाटी खाली ठेवली.

"गोठ्याच्या मागं हाय, पाव्हनं. बादली भरून ठिवली हाय."

गोठ्यामागे चुन्यानं रंगवलेली एक सुटी खोली होती. आत इंग्लिश कमोड. झाकणावरचं कंपनीचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

ते बाहेर आले तेव्हा छबूबाई डोक्यावरचा पदर सारखा करत लांब उभ्या होत्या.

"तुमच्यासाठीच बांधला हुता. सुपारी फोडायला आलता तवा इचारलं हुतं ना तुमी, इंग्लिश हाय का म्हनून."

सुनीलरावांना आठवलं. विचारलं होतं. चारचौघांत, जरा हसून.

"आन् रितीचं काय मनात आनू नका," छबूबाई घाईनं म्हणाल्या. "ही जागा आमच्या दिराच्या, सूर्यभानच्या नावावर हाय. पानी बी त्याच्याच हिरीचं. लेकीच्या घरचं न्हाई कायच. आमच्यात लेकीला लेकरू झालं की सुटतं, पन तुमच्यात सुटत न्हाई म्हनल्यावर मीच ह्यांना म्हनलं, तिकडंच बांधा."

सुनीलरावांना तोंड धुवायचं होतं. ते तसेच चालत कॅरॅव्हॅनकडे आले. आसाराम चाक काढून बसले होते आणि काळंनिळं पडलेलं बेरिंग चिंधीनं पुसत होते. सुनीलराव शेजारी उकिडवे बसले.

"आसारामभाऊ, एक सांगायचंय. ती रीत... तसं काही नाही आमच्यात."

"म्हाईत हाय," आसाराम बेरिंगवरची नजर न काढता म्हणाले. "तुमचे थोरले बंधू लग्नातच बोलले हुते. तुमचे वडील लेकीकडं आठ-आठ दिस मुक्काम ठोकायचे म्हनून."

"मग तुम्ही तीन वर्षं..."

"आमच्या हिला म्हाईत न्हाई. तिनं समद्या गावाला सांगितलंय, आमचे व्याही लई जुन्या वळनाचे हाईत. आता आज तुमी ताटावर बसला तर ती काय समजंल? आपल्या घरचं नगं हुतं, म्हनून हे थोतांड केलं." त्यांनी बेरिंग सुनीलरावांच्या हातात ठेवलं. "तवा पाळा आता. जमलंच हाय तर."

त्यात राग असता तर सुनीलरावांना बरं वाटलं असतं.

दुपारी जावळाची पंगत बसली. पुरणाचा वास छपराच्या न मिटणाऱ्या खिडकीतून आत येत होता. सुनीलराव पलंगावर बसून पाण्याशिवाय ग्लुकोजची बिस्किटं खात होते. दाराशी बायका जमल्या. छबूबाई त्यांना सांगत होत्या, "अजून पाळत्यात. पान्याला शिवलं न्हाईत कालपास्नं." एका म्हातारीनं तर बाहेरूनच नमस्कार केला.

अश्विनी दिशाला कडेवर घेऊन आली. पोरीच्या डोक्याचा नुकताच गोटा केला होता, मुठीत पोळीचा तुपाळ तुकडा होता. आजोबा दिसताच ती झेपावली आणि तो तुकडा तिनं त्यांच्या ओठांशी नेला.

सुनीलरावांनी तोंड उघडलं नाही. अश्विनी त्यांच्याकडे बघत होती. तिच्या आजोबांचे आत्याकडचे आठ-आठ दिवसांचे मुक्काम तिनं लहानपणी पाहिलेले होते. 

छबूबाईंनी हलक्या हातानं नातीची मूठ मागे वळवली.

"आबाला नगं द्यू, बाय. त्यांना चालत न्हाई आपलं."