दुध्याची दाढी

मन्मथअप्पांची मान हलायला लागली तेव्हा पहिल्यांदा गोंधळ उडाला तो मानवतच्या मोंढ्यात. समोरच्यानं कापसाचा भाव सांगितला की अप्पांची मान आपली इकडून तिकडं, नाही नाही म्हणाल्यासारखी. तो बिचारा आपणहून भाव सुधारून द्यायचा. "हे दुखणं लय बरकतीचं निघालं," असं अप्पा घरी येऊन सांगायचे आणि त्यांची मुलगी भागम्मा पोट धरून हसायची. तिचं सासर गावातच, दोन गल्ल्या पलीकडं होतं. आई गेल्यापासून तिची अप्पांकडं रोज एक फेरी असायचीच.

हसणं थांबलं ते दाढीपाशी.

गावातले बाकीचे लोक आठवड्यानं न्हाव्यापुढं बसत. अप्पांची दाढी मात्र रोजची, सोमवारीसुद्धा. कुणी हटकलं तर म्हणायचे, "महादेवाला काय खुंट वाढलेलं तोंड आवडतंय व्हय?" सकाळी सटवाजी न्हावी धोकटी घेऊन यायचा. दाढी झाली की आंघोळ. मग ओसरीवर बसून अप्पा गळ्यातलं इष्टलिंग सोडायचे, डाव्या तळहातावर घ्यायचे आणि त्याच्यावर नजर लावून पूजा करायचे. पूजा झाल्याबिगर तोंडात पाण्याचा थेंब नाही. भागम्माच्या जन्माआधीपासून हे असंच चाललेलं होतं.

एका सकाळी मान हलली आणि सटवाजीचा वस्तरा अप्पांच्या कानाखाली शिरला. जखम लहान होती, पण रक्त लवकर थांबेना. सटवाजीनं तुरटी दाबून धरली. रक्त थांबल्यावर त्यानं वस्तरा मिटला, धोकटीत टाकला आणि तिथंच भिंतीला टेकून बसला.

"अप्पा, आता माझ्यानं हुणार न्हाई. मान तुमची हलायलीय अन् हात माझा थरथरायलाय. उद्या गळ्याला लागलं तर मी गावाला कुठलं तोंड दाखवू?"

"तुझ्या तोंडाचं ऱ्हाऊ दे. माझ्या तोंडाचं काय करावं, ते सांग," अप्पा म्हणाले. पण सटवाजी हसला नाही, आणि दुसऱ्या दिवशी आलाही नाही.

त्यानंतर अप्पांची पूजा ओसरीवरून आतल्या खोलीत गेली. मोंढ्यातल्या गादीवर भागम्माचा भाऊ शिवरुद्र बसायला लागला. ताप नाही, खोकला नाही, पण अप्पांचं जेवण निम्म्यावर आलं. एकदा भागम्मा आत डोकावली. अप्पा पूजेला बसले होते, तळहातावर लिंग होतं आणि डोळे मिटलेले होते. पूजेत लिंगाकडं बघायचं असतं, हे तिला त्यांनीच शिकवलेलं. पांढरे खुंट वाढलेल्या तोंडानं बघायची त्यांना लाज वाटायलीय, हे तिच्या ध्यानात आलं आणि ती पाऊल न वाजवता मागं फिरली.

"परभणीला दाढीची इलायती सेफ्टी मिळतीय," शिवरुद्र म्हणाला. "सोन्याचा मुलामा दिलेली. सगळ्यात भारी तीच आणतो."

"मी बी येते."

"दाढीचं सामान घ्यायला बायकांनी यायचं? लोक काय म्हणतील?"

"दाढी करणार कोण? तू?"

शिवरुद्रला रक्त बघून भोवळ यायची. त्यानं तिलाही संगं घेतलं.

परभणीला टेसनच्या रस्त्यावर बन्सीधरसेठचं दुकान होतं. अत्तरं, घड्याळं, फाउंटनपेनं, सगळं काचेच्या कपाटात. गिऱ्हाईक म्हणजे वकील आणि अंमलदार. सेठनं मखमलीचा तुकडा पसरला आणि त्यावर तीन सेफ्ट्या मांडल्या. पहिली सोन्याच्या मुलाम्याची, नक्षीदार आणि फुलासारखी हलकी. दुसरी जर्मनीची, तिच्या डोक्याला फणीसारखे दाते. तिसरी दिसायला साधी. दांडा जाड आणि खरबरीत, दात्यांच्या जागी सरळ पट्टी. दांड्याखालची कळ फिरवली की माथ्यावरची दोन दारं उघडायची, पातं आत ठेवलं की मिटायची.

"ह्यातली कमी कापणारी कोणती?" भागम्मानं विचारलं.

"बाई, कापण्यासाठीच असतीय की ती."

"दाढी कापायचीय, माणूस न्हाई. आमच्या वडलांची मान हलतीय. हलत्या मानेला कोणती चालंल?"

बन्सीधरसेठनं टोपी सरळ केली. "खरं बोलू? आजवर माझ्याकडं सगळे थाऱ्यावरच्या मानेचे आलते. कपडा असता तर अंगाला लावून दाखवला असता. आता ह्याला काय करावं?"

भागम्मानं दाराबाहेर पाहिलं. समोर तानुबाई माळीण पाटी मांडून बसली होती. पाटीत दुध्या भोपळे होते, सकाळीच तोडलेले, कोवळे. भागम्मा उठली, बाहेर गेली आणि एकेका दुध्यावरून उलटी बोटं फिरवायला लागली.

"नख लावून बघा की बाई," तानुबाई म्हणाली. "लोण्यासारखे हायत."

"मला लव असलेला पायजे."

"भाजी करायची का लगीन लावायचं?"

लवदार दुध्या घेऊन भागम्मा दुकानात आली. बन्सीधरसेठनं आधी दुध्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि काही न विचारता आपल्या स्वतःच्या दाढीचा ब्रश आणि साबण काढला. दुध्याला फेस लागला.

"धर," ती शिवरुद्रला म्हणाली, "अन् हलव."

"काय?"

"अप्पांसारखा."

शिवरुद्रनं इकडंतिकडं पाहिलं आणि दुध्या दोन्ही हातांत धरून हलवायला सुरुवात केली. आधी जरा चाचरत, मग नीट. हळू, हळू, मधेच एक हिसका, परत हळू. इतकं हुबेहूब, की बहीणभाऊ दोघंही क्षणभर थांबले आणि त्यांनी एकमेकांकडं पाहण्याचं टाळलं.

सोन्याच्या मुलाम्याची सेफ्टी पहिल्याच हिसक्याला उडाली आणि दुध्याच्या सालीतून पाणी आलं. दात्यांच्या सेफ्टीनं लव काढली, पण मागं ओरखडे ठेवले. "ही चार दिवस वाढलेल्या दाढीला," बन्सीधरसेठ म्हणाला. आता तोही गुडघ्यावर बसून बघायला लागला होता. "रोजच्याला ही न्हाई. तिसरी घ्या. अन् दाबू नका, तिचं वजनच तिला नेईल."

भागम्मानं तिसरी उचलली. दुध्या हलेल तसा हातही हलू दिला. लव फेसासंगं निघून आली आणि खाली साल तशीच, चकचकीत हिरवी. तिनं अंगठा फिरवला. कुठं लागलं नव्हतं.

तोवर दारात माणसं गोळा झाली होती. "आता न्हाऊ घाला अन् बाशिंग बांधा नवरदेवाला!" तानुबाई ओरडली आणि सगळे हसले.

ती साधी दिसणारी सेफ्टी सोन्याच्या मुलाम्याहून महाग निघाली. घासाघीस हा शिवरुद्रचा धंदा. त्या दिवशी त्यानं सेठनं सांगितले तेवढे पैसे मोजले.

घरी आल्यावर भागम्मानं दुध्या अप्पांच्या मांडीवर ठेवला. "ह्याची झाली. उद्या तुमची."

अप्पांनी त्याच्यावरून हात फिरवला. "ह्याला विचारलंस का माय, लागलं का म्हून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आधी सटवाजीच्या घरी गेली. तो यायला तयार नव्हता. "तुम्ही वस्तरा धरू नका. पाणी अन् फेस तेवढा तुमचा," ती म्हणाली. "तुम्ही समोर नसलात तर अप्पांना दाढी झाल्यासारखी वाटायची न्हाई." सटवाजी आला, त्यानं फेस लावला आणि समोर बसून हनुवटीला बोटांचा आधार दिला. भागम्मानं सेफ्टी टेकवली आणि हात अप्पांच्या मानेबरोबर सोडून दिला. दाढी झाल्यावर सटवाजीनं दोन्ही गालांवरून बोटांची पाठ फिरवली. "लागलं न्हाई," तो म्हणाला. त्या दिवशी पूजा ओसरीवर झाली, डोळे उघडे ठेवून. दुपारी अप्पा मोंढ्यात गेले आणि परत येताना पेढे घेऊन आले.

मग ते रोजचंच झालं. पुढं दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत पाती मिळेनाशी झाली. तेव्हा सटवाजी जुनं पातं काचेच्या पेल्यात आतून घासून धार आणायचा. एखादं नवं पातं हाती लागलं की बन्सीधरसेठ कुणाहाती तरी पाठवून द्यायचा, सोबत निरोप, "दुध्याला सांगा, आठवण केलती."

दाढी चालू असताना अप्पांना बोलता यायचं नाही. म्हणून भागम्मा बोलायची. सासरचं, लेकराबाळांचं, वाचलेल्या पुस्तकांतलं, जे बापाशी बोलायचं कधी सुचलंच नसतं ते सगळं. एरवी मोठ्या झालेल्या लेकीला बापाच्या गालाला हात लावायला कधी मिळतंय? तिला रोज मिळालं, आणि तेही कितीतरी वर्षं. त्या सेफ्टीचे, दुध्याचे, हलत्या मानेचेसुद्धा आपल्यावर उपकार आहेत असं तिला वाटायचं. ती हे कुणाला बोलून दाखवत नसे.

अप्पा गेले ते थंडीतल्या एका पहाटे, झोपेतच. उजाडल्यावर मठातले स्वामी आले, भावकी जमली. आंघोळ घालून बसत्या समाधीसाठी बसवायची तयारी सुरू झाली तेव्हा भागम्मा आतून सेफ्टी घेऊन आली.

"आता कशाला गं?" तिची आत्या नागुबाई म्हणाली. "अन् बाईमाणसानं?"

"हातात लिंग द्यायचंय ना आत्या? मग त्याच्याकडं बघायचंय अप्पांना."

नागुबाईनं स्वामींकडं पाहिलं. "आपल्यात सुतक न्हाई, इटाळ न्हाई," स्वामी म्हणाले. "करू द्या लेकीला."

सटवाजी आलेलाच होता. त्यानं पाणी गरम केलं, रोजच्याइतकंच. फेस लावला आणि हनुवटीखाली बोटं धरली. भागम्मानं सेफ्टी कानाखाली टेकवली आणि खाली आणली. हात हळू, हळू, मधेच एक हिसका, परत हळू असा चालला होता.

सटवाजीनं तिच्या मनगटावर बोटं ठेवली. "माय, आता हलंनात ते."

तिनं पाहिलं. मान थाऱ्यावर होती. हात थांबवायला तिला थोडा वेळ लागला. मग तिनं सेफ्टी सरळ सोडली आणि ती आपल्या वजनानं गेली.

सटवाजीनं दोन्ही गालांवरून बोटांची पाठ फिरवली. "लागलं न्हाई," भागम्माच म्हणाली.

मग अप्पांना बसवलं आणि डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. मान जराशी खाली, तोंड स्वच्छ, ओसरीवर बसायचे तसे.