मला तिरकी रेघ शिकवली तेव्हा

मित्रांनो, शहापूरच्या टायपिंगच्या दुकानात माळ्यावर धूळ खात पडलेला जुना कॉम्प्युटर तो मीच. मला माउस नव्हता. काळा पडदा, हिरवी अक्षरं आणि सगळा कारभार बोटांवर. एक कळ दाबली की मी अख्खा शब्द पुसायचो. त्याचा मला भारी ताठा होता!

१९९७ साली संघरत्ना दुकानात कामाला लागली. जुना अर्ज उघडायचा, त्यातलं नाव-नंबर पुसून नवं घालायचं, ही तिची पद्धत. सापगावच्या भीमाबाईंचा नवरा वारला होता. शेताला त्यांचं नाव लागावं म्हणून अर्ज करायचा होता. संघरत्नाने आधीच्या माणसाच्या जमिनीचा नंबर, ८७/२, पुसायला कळ दाबली. पण तिरकी रेघ आली की शब्द संपला, अशी माझी ठाम समजूत. मी नुसते ८७ पुसले. तिने घाईत भीमाबाईंच्या शेताचा नंबर ११२/४ टाइप केला आणि कागदावर उमटलं ११२/४/२.

नंबर चुकला म्हणून कचेरीतून अर्ज परत आला. भीमाबाई उन्हातून चालत दुकानात आल्या.

"संघरत्ना गो, ही जागा माझी नाय. आज शेवटची तारीख हाय. मी काय करू आता?"

"बस मावशी. चूक माझी हाय, मीच निस्तरते."

चूक माझी होती, मित्रांनो. मला फार लाज वाटली. शब्दात कोणती चिन्हं धरायची, याची एक यादी माझ्या पोटात होती. संघरत्नाने पुस्तिका चाळून ती शोधली आणि तीत तिरकी रेघ घातली. मग कळ दाबली. अख्खा नंबर एका दमात गेला! कचेरी बंद व्हायच्या आत दोघी नवा अर्ज देऊन आल्या. पुढे शेत नावावर झालं, तेव्हा भीमाबाई टोपलीभर काकड्या घेऊन आल्या. संघरत्नाने त्या माझ्याशेजारीच ठेवल्या होत्या. काय दिवस होते ते!

पुढे संघरत्ना लग्न होऊन मुरबाडला गेली. २००५ साली नवा कॉम्प्युटर आला आणि मला माळ्यावर चढवलं. मी काय काय शिकलो होतो, हे कुणीच विचारलं नाही.

खाली दुकानात आता दीपेश लोकांचे अर्ज टाइप करतो. तोही जुन्या अर्जातला नंबर पुसतो आणि कळ एकदाच दाबतो. मला वरून ऐकू येतं. समोर कुणीतरी बाई शेताचे कागद धरून बसलेली असते.

मित्रांनो, माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. मुरबाडला जाऊन नव्या कॉम्प्युटरला तिरकी रेघ कशी शिकवायची, तेवढं संघरत्नाला विचारून या.