मानपत्राखालचं नाव

मी एक जुना टाक आहे. तिरप्या निबचा, सागवानी दांड्याचा, शाईत बुडवून लिहायचा. मित्रांनो, हल्ली मला कुणी ओळखत नाही. त्याचं मला नवल वाटत नाही, राग मात्र येतो आणि तो मी लपवणार नाही.

शनिवार पेठेतल्या एका कारागिराने माझा दांडा घडवला आणि चित्रकलेच्या गोपाळकृष्ण सरांनी मला विकत घेतलं. कुणाचा निवृत्तीचा सत्कार असला की मानपत्र सर माझ्याकडूनच लिहून घेत. समारंभात ते मोठ्याने वाचलं जाई, लोक अक्षराला दाद देत. लिहिणाऱ्याचं नाव मात्र त्यावर कधीच नसे. "मानपत्र सत्कारमूर्तीचं असतं, आपलं नव्हे," असं सर म्हणत. पुढे फ्लेक्स आले आणि मी कंपासपेटीत पडून राहिलो.

मग सरांनी मला त्यांच्या विद्यार्थिनीला, द्वारका इंगोलेला दिलं. ती वाशीमची, वारज्यात खोली घेऊन राहते. सरांच्या ओळखीने तिने चाळीसेक मानपत्रं लिहिली, तीही बिननावाची. सरांचं बाहेर जाणं थांबलं तशी कामंही थांबली. त्यातच तिची ऑफिसातली नोकरी अर्ध्या वेळेची झाली. महिनाभरात बाहेरची कामं मिळाली नाहीत तर खोली सोडून गावी परतायचं, एवढंच तिच्यापुढे उरलं होतं.

कामं मिळवून देणाऱ्या एका वेबसाइटवर तिने नाव नोंदवलं. लगेच फोन आला.

"मॅम, तीन हजार फी भरा, तुमचं प्रोफाइल वर येईल."

"कामं किती मिळतील?"

"गॅरंटी नसते मॅम. पण तुम्ही लोकांना दिसाल ना."

हे ऐकून माझी निब तापली. चाळीस भिंतींवर जिचं अक्षर टांगलंय, तिने दिसण्यासाठी पैसे मोजायचे? पण द्वारका घाबरली होती. ती पैसे भरायलाच बसली होती, तेवढ्यात एका शाळेतले कारकून संजयराव दारात आले.

"अहो मॅडम, तुम्हाला शोधण्यात महिना गेला. आधीच्या मानपत्रावर नावच नाही. शेवटी सरांनी पत्ता दिला, नाहीतर फ्लेक्सच करणार होतो."

द्वारकाने मोबाइल बाजूला ठेवला.

मुख्याध्यापिका मंदाकिनीबाईंचं मानपत्र तिने दोन दिवसांत लिहिलं. शेवटची ओळ झाल्यावर मला पुन्हा शाईत बुडवलं. एरवी बाहेर न पडणारे सर या समारंभाला मात्र येणार होते, म्हणून तिचा हात क्षणभर अडला. मग तिने खाली ठसठशीत लिहिलं : अक्षरलेखन, द्वारका इंगोले, वारजे. पुढे फोन नंबर.

"मॅम, ऑफर आज संपतेय," पुन्हा फोन आला.

"संपू द्या. मी फी भरणार नाही."

समारंभात मी तिच्या पर्समध्ये होतो. मानपत्र वाचणाऱ्या शिक्षकांनी रिवाजाप्रमाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं, अगदी फोन नंबरसकट. सभागृहात हशा पिकला. द्वारकाने मान खाली घातली नाही. पहिल्या रांगेतून सर काठी टेकत उठले.

"नंबर पुन्हा वाचा," ते म्हणाले. "मागे ऐकू गेला नसेल."

मित्रांनो, टाक वापरून झाला की निब पुसून ठेवा, नाहीतर ती गंजते. आणि आपल्या कामाखाली आपलं नाव लिहायला लाजू नका. सरांनी लिहिलेल्या शेकडो मानपत्रांवर त्यांचं नाव नाही, आणि आता ते कुणी लिहिणारही नाही. हे मला अजून सलतं.