न पाहिलेला मजला

लॉकडाऊनमुळे ऑस्ट्रेलियात आमच्या टूवूंबा गावातली शाळा बंद होती आणि माझी नात सावनी हिचा अभ्यास मीच घेत होतो. जुन्या वास्तूवरच्या प्रोजेक्टसाठी तिने माझ्या अल्बममधलं ग्लेनार्डी हाउस निवडलं. स्कॉटलंडमधल्या एका जमीनदाराचं ते तीनशे वर्षांचं घर. फोटो बघून तिने चित्र काढलं, चौदा धुराडी मोजून.

"आजोबा, बॉर्डर उघडली की बघायला जाऊ या ना?"

दोन दिवस मी "बघू" म्हणत टाळलं. तिसऱ्या दिवशी सांगितलं, "ते घर आता नाही. मी तिथे तरुण इंजिनिअर होतो. घर पाडावं, असा रिपोर्ट मीच दिला."

"पडायला आलं होतं?"

"खालचं लाकूड कुजलं होतं. वरचा मजला मी पाहिलाच नाही. बस चुकली असती. वरही तसंच असणार, असं धरून लिहून टाकलं."

"पण तूच म्हणतोस ना, स्वतः बघितल्याशिवाय लिहायचं नाही?"

"तेव्हापासून म्हणतो."

सावनीने चित्रातल्या वरच्या मजल्याच्या खिडक्या रबराने पुसल्या. "मग इथे काय लिहू?"

"कोणी पाहिलं नाही, असं लिही," मी म्हणालो. "आणि खाली माझं नाव घाल."