मागच्या रांगेतले खापरपणजोबा

फ्लोरिडातल्या त्या करमणूक-बागेत अमेरिकेच्या सगळ्या राष्ट्राध्यक्षांच्या यांत्रिक पुतळ्यांचा खेळ होई. नाव पुकारलं की पुतळ्यावर उजेड पडे, तो मान डोलवी, की झालं. बोलायचा मान दोघा-तिघांनाच. निवृत्त दंतवैद्य विन्स्लो प्रेदरचे आईकडून खापरपणजोबा त्यात होते. पण शेवटच्या रांगेत, एका अगडबंब अध्यक्षांच्या पाठीमागे.

"दिसले का रे यंदा?" बायको ओडेट दरवर्षी विचारी.

"डावा कान दिसला."

शेवटी विन्स्लोने बागेच्या व्यवस्थापिका मिसेस रोर्क यांचं डोकं खायला घेतलं. "अहो मॅडम, देशाचा अध्यक्ष होता तो! खुंटीवरचा कोट नव्हे!" नाटकगृहाची डागडुजी निघाली तेव्हा बाई वैतागून म्हणाल्या, "आणते डॉक्टर, पुढे आणते. एक वाक्यही देते. मग तरी पिच्छा सोडाल?"

नव्या खेळाला प्रेदरांकडची झाडून सगळी माणसं आली, छातीवर खापरपणजोबा छापलेले टी-शर्ट घालून. पुतळा उठला आणि हात पसरून म्हणाला, "मित्रहो, मला जमलं तेवढं मी केलं."

"काय केलं यांनी?" एका पोरीने मोठ्याने विचारलं.

कुणालाच ठाऊक नव्हतं. विन्स्लो घसा खाकरेपर्यंत तिच्या बापाने मोबाइलवर शोधलंसुद्धा. "शेतावर गुलाम राबवले. पळालेल्यांना धरून आणायला बक्षीस लावलं."

आधी कुणीतरी शीळ घातली, मग अख्ख्या नाटकगृहाने हुर्यो उडवली. प्रेदर मंडळी हातांच्या घड्या छातीवर घट्ट बांधून बाहेर पडली. विन्स्लोने स्वच्छतागृहात जाऊन टी-शर्ट उलटा घातला आणि तडक मिसेस रोर्कना गाठलं.

"मॅडम, त्यांना पुन्हा मागे ठेवा. मान डोलवली तरी पुरे."

"आता कसं शक्य आहे?" बाई पहिल्यांदाच त्याच्याशी गोड हसल्या. "बाहेर रांग बघा केवढी लागलीय! इतकी वर्षं लोक फक्त गारव्याला येऊन झोपत होते. आज सगळे जागे आहेत."

ओडेटला तर पुढचा खेळही बघायचा होता. विन्स्लो मुकाट तिच्या शेजारी बसला. खापरपणजोबा उठले आणि गदारोळ माजला. पलीकडच्या बाईने विन्स्लोला कोपराने ढोसलं.

"ओरडा की आजोबा! गप्प काय बसलात? तुमचे कुणी लागतात का ते?"

"छे, छे!" विन्स्लो म्हणाला, आणि तोंडाशी हात नेऊन बेताने ओरडला.

"जोरात," ओडेट म्हणाली.