विंगेतला पहिला शब्द

आईला आपली प्रयोगशाळा दाखवायचं लेकीचं कित्येक महिने लांबत होतं. त्या दुपारी ती स्वतःच दारात येऊन उभी राहिली. "तुझी ती बशीतली लेकरं दाखव बघू. नातवंडं काही दिसायची लक्षणं नाहीत, निदान ही तरी बघते."

"आई, हळू बोल ना."

"हळू? जन्मभर दुसरं काय केलंय मी?"

ते खरंच होतं. आई नाटकात प्रॉम्प्टर होती. विंगेत स्टुलावर बसायचं आणि नट अडला की त्याला शब्द द्यायचा, हे तिचं काम. त्याचेही नियम होते. नटाची नजर विंगेकडे वळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि द्यायचा तो फक्त वाक्याचा पहिला शब्द, मग चिडीचूप. घरातही तीच सवय. निरोप घेताना ती "मला..." म्हणून थांबायची. 'मला तुझी आठवण येते' हे पुरं करायचं काम लेकीचं. लेक हसून "कळलं, कळलं" म्हणायची. वाक्य तसंच लोंबकळत राहायचं आणि दोघींनाही त्यात वावगं वाटत नसे.

आईने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "अगंबाई, एवढुशा! आणि हे धागे कसले?"

"चेतापेशी आहेत त्या. धाग्यांनी एकमेकींशी बोलतात. बहुतेक वेळा एकच शब्द, ग्लुटामेट. एकीने तो सोडला की दुसरीच्या अंगावरचं दार उघडतं. त्या दाराला आम्ही ग्राही म्हणतो."

"म्हणजे प्रॉम्प्टरच की!"

"त्यातल्या एका जातीच्या दाराला मॅग्नेशियमचं बूच असतं. नुसत्या शब्दाने ते निघत नाही. पेशी आधीच थोडी जागी झालेली असावी लागते."

"नजर वळलेली असावी लागते," आई म्हणाली. ती आता खुर्ची ओढून ठाण मांडून बसली.

लेकीला मौज वाटली. इतकी वर्षं ती हेच शिकवत होती आणि हे तिला सुचलं नव्हतं. तिने दुसरी बशी घेतली, नळीने ग्लुटामेटचा मोठा डोस सोडला आणि आईला पुन्हा बघायला लावलं. थोड्या वेळाने आई कुजबुजली, "फुगायला लागल्या गं. काय केलंस त्यांना?"

"शब्द फार झाला. दारं मिटेनात. कॅल्शियम आत लोटतंय. आता पेशीतलीच पाचकद्रव्यं पेशीला खातील. लगेच नाही, पण आता ते थांबणार नाही."

"एरवी सांगून झालेला शब्द उचलून कोण नेतं?"

"शेजारच्या आधारपेशी. शोषून घेतात."

"आणि त्याच थकल्या तर?"

तेवढ्यात कुणीतरी लेकीला हाक मारली. "उद्या सांगते," ती म्हणाली.

जिन्यात आई वळली. "मला..."

"कळलं, कळलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीला आई स्वयंपाकघरात पडलेली सापडली. केव्हा पडली, कुणालाच सांगता येईना. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली होती. डॉक्टरांनी चित्रावर बोट ठेवलं. "हा मधला भाग गेला. भोवतालचा काठ अजून तग धरून आहे."

काठावर काय चाललंय ते लेकीला दिसतच होतं. रक्त नाही, म्हणून आधारपेशींत त्राण नाही. शब्द कुणी उचलत नाही, दारं मिटत नाहीत. आईच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं.

"दारं बंद करणारं औषध?" तरीही तिने विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे," डॉक्टर हळुवारपणे म्हणाले. "उंदरांत चाललं, माणसांत नाही. त्याच दारांनी तर धडधाकट पेशीही बोलतात."

आईची वाचा गेली होती. डोळे मात्र डावीकडे, लेक बसली होती तिकडेच, लागून राहिले होते. नजर दुखावलेल्या बाजूकडे वळते, हे डॉक्टरांनी सांगायच्या आधीच तिला ठाऊक होतं. ते लक्षण होतं. लक्षणाला काय उत्तर द्यायचं? तिने फक्त हात धरून ठेवला. संध्याकाळी डोळे मिटले, ते पुन्हा उघडले नाहीत.

महिनाभराने ती स्टुलावरची आईची उशी आणायला नाट्यगृहात गेली. म्हातारा नट रंगमंचावर तालमीसाठी खुर्च्या मांडत होता.

"तुझी आई महाखट," तो म्हणाला. "अख्खं वाक्य कधी दिलं नाही हो. पण एकदा माझ्या डोळ्यात कचरा गेला, मान आपसूक विंगेकडे वळली, तर लगेच शब्द! म्हटलं, बाई, मी अडलो नव्हतो. तर म्हणते कशी, 'मुद्दाम वळली की आपोआप, ते मी कशाला ठरवू? वळली ना? मग शब्द द्यायचा.'"

लेकीने स्टुलावरची उशी उचलून घेतली. नट खुर्ची आणायला आत गेला. मग ती रंगमंचाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि विंगेतल्या रिकाम्या स्टुलाकडे तिने नजर वळवली. पहिला शब्द आला नाही.

"मला," ती मोठ्याने म्हणाली, आणि या वेळी थांबली नाही. "मला तुझी आठवण येते, आई."