मळक्या कंट्रोलरचं निळं बटण

मी एक जुना कंट्रोलर आहे. व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात ना, तोच मी. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना गहिवरतात असं मी ऐकून आहे. मित्रांनो, माझ्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका. मला आयुष्यात सगळ्यात जास्त काय आली असेल, तर किळस. तिच्याबद्दलच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका लखलखीत कारखान्यात झाला. तिथले कामगार हातमोजे घातल्याशिवाय आम्हाला शिवत नसत, त्यामुळे सगळं जग असंच वागत असेल असा माझा भाबडा समज झाला. पेटीत बसून मी औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात आलो. तिथून मला अश्लेषानं घेतलं. पुण्यातल्या कंपनीत नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीला ती घरी आली होती, तेव्हाची ही गोष्ट. वडिलांनी त्या नोकरीचे पेढे अख्ख्या उस्मानपुऱ्यात वाटले होते, आणि तिनं स्वतःसाठी मला आणलं. तिचे हात कोरडे, नखं कापलेली. खेळून झालं की ती मला मऊ फडक्यानं पुसायची आणि मैत्रिणींना सांगायची, "हाताला याच्याइतका हलका दुसरा कुठलाच नाही." ते माझे सुखाचे दिवस होते.

मग दुष्काळाची वर्षं आली. तोवर तिच्या आईवडिलांनी उस्मानपुऱ्यातली भाड्याची जागा सोडून चिकलठाण्याला नवा फ्लॅट घेतला होता. शहर चहूबाजूंनी सुजल्यासारखं वाढत होतं. इमारती वर चालल्या होत्या आणि बोअर खाली. फ्लॅटमध्ये फरशी चकचकीत, नळ विलायती आणि नळाला पाणी नाही. टँकर येईल तेव्हा येईल. बाल्कनीत झाडांच्या जागी निळे बॅरल उभे होते, आणि त्यांच्यावर उमाबाईंचं, म्हणजे अश्लेषाच्या आईचं, राज्य होतं. जेवण झालं की त्या एका तांब्यात घरच्या सगळ्यांचे हात धुववायच्या आणि ते खरकटं पाणी कुंडीतल्या एकुलत्या मोगऱ्याला घालायच्या.

अशा घरात अश्लेषा एका उन्हाळ्यात दोन बॅगा आणि मला घेऊन परत आली. "सुट्टी आहे," एवढंच म्हणाली. सुट्टी संपेना. ती उशिरा उठायची, हॉलमधल्या टीव्हीला गेम जोडायची आणि संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द काढायची नाही. आईवडिलांनी विचारलंही नाही. उगाच दुखवायला नको, असं दोघं स्वयंपाकघरात कुजबुजायची आणि तिच्या ताटात वाढायची. पोरगी समोर असून घरात नव्हती.

ती खेळायची तो खेळ अवघडपणासाठी बदनाम आहे. एका सडक्या राज्यात गंजलेलं चिलखत घातलेला एक शिपाई फिरतो आणि मरतो. पुन्हा उठतो, पुन्हा मरतो. एकदा तिचे वडील वैजनाथराव तिच्या शेजारी येऊन बसले. त्यांनी जपून विचारलं, "काय असतं गं यात?"

"तुम्हाला नाही कळणार, बाबा."

अख्ख्या आठवड्यात ती बोललेलं हे एकच वाक्य. चिकलठाण्याच्याच एका कारखान्यात जन्मभर मालाची तपासणी करून निवृत्त झालेल्या माणसाला ते लागलं. हा खेळ आपल्याला आला, आवडला, तर पोरीशी बोलायला निदान एक विषय होईल, असं त्यांनी मनाशी घेतलं. तिनं नुकताच नवा कंट्रोलर मागवला होता आणि मी टीव्हीखाली पडून असायचो; दुसऱ्या दिवशी सकाळी, अश्लेषा झोपलेली असताना, त्यांनी मला उचललं. माझ्या अधोगतीला तिथून सुरुवात झाली.

मित्रांनो, ते हात मी विसरणार नाही. गुडघ्याला चोळलेला बाम, त्यावर सकाळच्या चिवड्याचं तेल, तेलावर हळद, आणि हे सगळं त्या एका तांब्यातल्या घोटभर पाण्यात नावापुरतं भिजवलेलं. उकाड्यात घाम सुटला की या साऱ्याचा लगदा व्हायचा आणि माझ्या बटणांच्या फटीत जाऊन बसायचा. बाहेरून बांधकामाची धूळ येऊन त्यावर थापली जायची. मला ओकारी आली असती, पण ती सोय कारखान्यात करून दिलेली नाही.

त्यांनाही काही सुख नव्हतं. मला ते 'रिमोट' म्हणायचे आणि टीव्हीकडे रोखून धरायचे. खेळात त्यांनी आपला वेगळा शिपाई घेतला होता; त्याला पुढं न्यायचं तर तो भिंतीत तोंड खुपसून चालत राहायचा. कसाबसा वाट सापडून गावाबाहेर पडला, की पुढं गटाराची दलदल. हिरवं पाणी, त्यावर फुगलेली जनावरं, आणि पुलाच्या तोंडाशी खोलीएवढा बेडूक. बेडूक शिपायाला जिभेनं ओढायचा, चघळायचा आणि थुंकायचा. पडद्यावर लाल अक्षरं यायची: तू मेलास.

"हे काय खेळ म्हणायचं का?" वैजनाथराव चष्मा पुसत पुटपुटायचे. "नुसती घाण. याच्यापरीस आमच्या एमआयडीसीतला नाला बरा."

एकदा सकाळचं जमलं नाही, म्हणून अश्लेषा गच्चीवर गेलेली पाहून ते दिवेलागणीला खेळायला बसले. उमाबाई देवापाशी दिवा लावून आल्या आणि ती अक्षरं बघून दारातच थबकल्या.

"अहो, तिन्हीसांजेला हे काय अभद्र? मेलास काय, मेलास काय. बंद करा आधी ते."

"मीच मरतोय, उमा. तू कशाला परेशान होतेस?"

"आवडतंय का तरी?"

वैजनाथरावांनी पुन्हा बटण दाबलं. शिपाई पुन्हा उठला, दलदल तुडवत पुलापाशी गेला आणि बेडकाच्या तोंडात पडला. तोंडात घातलेला घास थुंकता येत नाही आणि गिळवतही नाही, असा त्यांचा चेहरा झाला होता. त्या चेहऱ्यानं ते उन्हाळाभर खेळत राहिले. लेकीच्या आवडीचं आपल्याला आवडलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता, आणि त्या हट्टापायी माझी मोरी झाली.

एक दिवस टँकर सकाळीच आला. उमाबाई बादल्या घेऊन खाली पळाल्या, आणि गलबल्यानं अश्लेषाची झोपमोड झाली. ती हॉलमध्ये आली तेव्हा वडील सोफ्याच्या टोकाला बसून, जीभ दातांत धरून बेडकाशी झुंजत होते. चोरी पकडल्यासारखे ते उठले आणि मला तिच्या हातात देऊन मोकळे झाले.

"शी," ती म्हणाली. मला बरं वाटलं. माझी बाजू घेणारं कुणीतरी भेटलं होतं.

तिनं मला उजेडात धरलं. सगळी बटणं काळीपिवळी, चिकट. मात्र डावीकडचं निळं बटण नव्यासारखं चमकत होतं, त्याला बोट लागल्याची खूणसुद्धा नव्हती. ती त्याकडं बघत राहिली. मग तिनं पडद्याकडं पाहिलं. कोपऱ्यात शिपायाच्या औषधी पाण्याची कुपी काठोकाठ भरलेली होती.

"बाबा, तुम्ही एकदाही पाणी प्यायला नाहीत?"

"कुठलं पाणी?"

"कुपीतलं. निळं बटण दाबलं की तो पितो. जखमा भरून येतात."

"ठाऊक आहे ना. सुरुवातीलाच लिहून येतं. ठेवलंय मी जपून. पुढं लागलं तर?"

"अहो, वाटेत शेकोट्या असतात ना, तिथं शिपाई बसला की ती आपोआप भरते. कितीदाही."

"आपोआप?" वैजनाथरावांना ते काही पटलं नाही. "भरतं कोण?"

अश्लेषा हसायला लागली. दोन बॅगा घेऊन आल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती. वैजनाथराव आधी ओशाळले आणि मग तेही हसले. पोटाशी पाणी बाळगून शिपाई उन्हाळाभर कोरडा मरत होता. टँकरची वाट बघणाऱ्या घरातच असा शिपाई निपजणार.

तिनं बाजूला सरकून त्यांना जागा केली. "बसा. आता पिऊन खेळा. मग आवडेल तुम्हाला."

इथं त्यांनी हो म्हटलं असतं तर सगळं गोड झालं असतं. बोलायला विषय मिळाला होता, पोरगी शेजारी बसली होती. पण तपासणी खात्यातल्या माणसाला खराब माल पास करणं जमेना.

"नको गं," ते म्हणाले. "खरं सांगू? मला किळस येते याची. तुझ्याशी बोलता यावं म्हणून रेटत होतो. लई प्रयत्न केला, पण नाही आवडत मला."

अश्लेषाचं हसू थांबलं. ती मला नखानं खरवडत बसली. खाली टँकरचा पाइप कुणी आधी धरायचा यावर बायांचं भांडण चाललं होतं.

"मला पण तिथं रोज किळस यायची, बाबा," ती म्हणाली. "सुट्टी नाहीये ही. नोकरी सोडलीय मी. कुणी काढलं नाही, मीच सोडली. साहेब चारचौघांत घाणेरडं बोलायचे आणि बाकीचे खाली माना घालून हसायचे. दोन वर्षं रेटलं."

"मग सांगायचं नाही का बेटा?"

"तुम्ही पेढे वाटले होते ना."

वैजनाथरावांनी आपला तो बामाचा, चिवड्याचा हात तिच्या डोक्यावर ठेवला. तिनं तो झटकला नाही. मग खालून उमाबाईंची हाक आली आणि दोघं बादल्या घेऊन धावली. मी सोफ्यावर पडून राहिलो. पडद्यावर बेडकानं शिपायाला आणखी एकदा थुंकलं.

त्याला बरीच वर्षं झाली. गावाचं नावसुद्धा बदललं. अश्लेषा आता इथंच नोकरी करते. मी चपलांच्या कपाटातल्या खणात, मेलेल्या सेलांच्या आणि जुन्या चार्जरांच्या संगतीत पडलेला असतो. माझी डावी दांडी ढिली झाली आहे, त्यामुळे शिपाई आपल्या मनानं डावीकडं चालत दलदलीत पडतो. तरी सणावारी अश्लेषा मला बाहेर काढते, आणि बापलेक शेजारी बसून त्या खेळाला पोटभर नावं ठेवतात. बेडूक कधीचा मेला, पण पूल ओलांडल्यावर दुसरा बेडूक निघाला. वैजनाथरावांना तो खेळ आवडला नाही तो नाहीच.

मित्रांनो, मला हात लावण्याआधी हात धुवा. पाणी नसेल तर निदान पुसा. आणि एखाद्या गोष्टीची किळस येत असेल, तर आपल्या माणसाला ती वेळेवर सांगा. ती साठवून ठेवायची चीज नाही.

वैजनाथराव अजून चिवडा खाऊनच मला धरतात. माझं निळं बटण आता इतर बटणांइतकंच चिकट आणि काळं झालं आहे. माझ्या अंगावरच्या सगळ्या घाणीत तेवढ्या एका घाणीची मला किळस येत नाही.